बदामी एका दिवसात: बेळगाव भागातून सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कितीतरी मराठी घरांची कुलस्वामिनी बनशंकरी. दरवर्षी गाडी करून जायचं, ओटी भरायची, देवळासमोर भाकरी-दही खायचं आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं, असा शिरस्ता. देवळापासून जेमतेम पाच किलोमीटरवर तांबड्या कड्यांच्या कुशीत, तळ्याकाठी बदामी गाव आहे. चालुक्यांची ही राजधानी बघायची मात्र दरवेळी राहून जाते. काहीजण याच्या अगदी उलट करतात. बदामी, महाकूट, पट्टदकल आणि ऐहोळे असं सगळं एकाच दिवसात उरकायला निघतात. रात्री अकराला घरी पोचतात तेव्हा मुलांच्या लक्षात फक्त गाडी लागल्याचं असतं.

म्हणून पहिलंच सांगणं: एक दिवस असेल तर बदामी आणि बनशंकरी एवढंच धरा. पट्टदकल बावीस-तेवीस किलोमीटरवर आहे, ऐहोळे त्याच्याही पुढे. ती दोन्ही ठिकाणं मुक्कामाच्या सहलीसाठी ठेवा.

दिवस कोणता धरावा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळं भरलेलं असतं आणि कडे धुऊन निघालेले असतात. जोरदार पाऊस होऊन गेला असेल तर भूतनाथ देवळाजवळच्या कड्यावरून दोन धारा कोसळताना दिसतात. लोक त्यांना अक्का-तंगी म्हणतात, म्हणजे थोरली आणि धाकटी बहीण. पण पाऊस थांबला की एक-दोन दिवसांत धारा आटतात. त्यामुळे धबधबा बघायला म्हणून लहान मुलांना घेऊन निघू नका, दिसला तर नशीब समजा. एप्रिल-मे पूर्ण टाळा. हवा तर तापतेच, शिवाय सकाळभर ऊन प्यालेला दगड दुपारनंतर ती धग परत सोडतो आणि सावलीतही जीव घाबरा होतो.

वारांत शुक्रवार नको. तळ्याकाठचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं आणि देवीचा वार म्हणून बनशंकरीला गर्दीही जास्त असते. मंगळवारीही देवळात रांग लागते. शनिवार-रविवारशिवाय जमत नसेल तर शनिवार बरा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात. दहा-साडेदहाला बसमागून बस रिकामी होते आणि गुहांत उभं राहायला जागा उरत नाही. तुम्ही नऊच्या आत पायऱ्या चढायला लागलात तर हा लोंढा वर येईपर्यंत तुमचं बघून झालेलं असेल.

पौष महिन्यात शाकंभरी नवरात्र असतं आणि पौर्णिमेला बनशंकरीचा रथ निघतो. त्या आसपास जत्रा भरते आणि बदामीचे रस्ते वाहनांनी तुंबतात. जत्रेलाच जायचं असेल तर त्या दिवशी गुहांचा नाद सोडा. ही दोन्ही कामं एका दिवसात होत नाहीत.

आदल्या रात्रीची तयारी

पाणी मोठ्या माणसाला दोन लिटर आणि मुलाला एक लिटर या हिशेबाने घ्या. त्याशिवाय पाच लिटरचा एक कॅन गाडीत असू द्या. हात-पाय धुवायला, मुलांची तोंडं पुसायला तोच उपयोगी पडतो.

खाण्यासाठी धपाटे किंवा दशम्या माणशी तीन-चार, आणि शेंगदाण्याची चटणी. दहीभात न्यायचा असेल तर दही कालवून नेऊ नका, दुपारपर्यंत तो आंबतो. चौघांसाठी दोन वाट्या तांदळाचा मऊ भात करा आणि कोमट असतानाच चांगला मोडा. त्यात अर्धा लिटर कोमट दूध, मीठ आणि दोनच चमचे दही घाला. भात कडक गरम असताना दही घातलं तर विरजण मरतं आणि दुधाचा वास येत राहतो, तेवढं सांभाळा. पहाटे साडेचारला कालवलेला भात बारा-साडेबारापर्यंत डब्यातच छान लागतो. फोडणी छोट्या डबीत वेगळी न्या.

याशिवाय काय हवं? टॉर्च. मोबाईलचा नको, हातातला घ्या, कारण गुहेच्या आतल्या दालनांत अंधार असतो आणि मोबाईलच्या उजेडात भिंतीवरचं काम सपाट दिसतं. प्रत्येकासाठी जुन्या मोज्यांचा एक जोड, कारण देवळाच्या आवारातली फरशी दुपारी तव्यासारखी तापते. चेन बंद होणारी, पाठीवर न लावता पोटाशी अडकवता येईल अशी एक पिशवी, तिचं कारण पुढे येईल. दहा-वीसच्या नोटांत पाचशे रुपये. बाबागाडी घरीच ठेवा, लहान मूल झोळीत किंवा कडेवरच.

ओटीचं सामान घरून नेलं तरी चालतं, देवळासमोरही मिळतं. खण मात्र बघून घ्या. खणांचं जुनं गाव गुळेदगुड्ड बदामीपासून जवळच आहे, आणि तिथल्या मागावरचा खण हातात घेतला की काठाच्या विणीवरून लगेच ओळखू येतो.

रस्ता

बेळगाव ते बदामी हे अंतर साधारण दीडशे किलोमीटर आहे. नेसरगी, यरगट्टी, रामदुर्ग करत जायचं, पुढे कुळगेरी क्रॉसला हुबळी-विजयपूर महामार्ग लागतो, तो ओलांडला की बदामी. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असली तर थांबे धरून साडेतीन तास लागतात. निपाणी-चिकोडीकडच्यांनी आणखी तासभर धरावा. खानापूरकरांनी अर्धा-पाऊण तास आधी निघावं.

पाचला गाडी सुटली पाहिजे. सहाला निघालं तर सगळाच दिवस तासाने पुढे सरकतो. मग गुहांत शाळांच्या मुलांची गाठ पडते, देवळात दुपारच्या नैवेद्याची वेळ होते आणि परतीला अंधार गाठतो. यरगट्टीत चहा-नाश्ता उरका. ज्यांना गाडी लागते त्यांनी तिथे फक्त कोरडं खावं, दूध-चहा नको. नकाशातला जवळचा रस्ता उसाच्या फडांमधून गावोगावी फिरवतो. दहा किलोमीटर वाचतात, पण अर्धा तास जातो. मोठा रस्ता सोडू नका.

बसने जाणाऱ्यांसाठी: कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवलं की बायकांना राज्य परिवहनच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये तिकीट पडत नाही. कोल्हापूर-सांगलीच्या पाहुण्या बायकांना मात्र तिकीट काढावं लागतं. तरीही मुलाबाळांसह बसने एका दिवसात हे जमवू नये, त्यात मुक्काम हवाच. रेल्वेचाही विचार नको. बदामीचं स्टेशन गदग-होटगी मार्गावर आहे, म्हणजे बेळगावहून गाडी बदलावी लागते, आणि ते गावापासून चार-पाच किलोमीटर बाहेर आहे.

रामदुर्ग ओलांडल्यावर मुलं कंटाळू लागतात. त्या वेळी त्यांना वातापीची गोष्ट सांगा. इल्वल आणि वातापी हे दोघे राक्षस भाऊ. वातापी बोकड व्हायचा, इल्वल त्याचं मांस पाहुण्याला जेवू घालायचा आणि मग हाक मारायचा. हाक ऐकली की वातापी पाहुण्याचं पोट फाडून बाहेर यायचा. अगस्त्य ऋषी जेवले, पोटावरून हात फिरवला आणि त्याला पचवूनच टाकलं. बदामीचं जुनं नाव वातापी, आणि तिथल्या तळ्याचं नाव अगस्त्यतीर्थ. ही गोष्ट ऐकलेली मुलं तळं दिसलं की आपणहून प्रश्न विचारू लागतात.

सकाळ: चार गुहा

कन्नडमध्ये यांना मेणबसदी म्हणतात, पण ‘गुहे’ म्हटलं तरी कुणीही रस्ता दाखवतं. गाडी थेट पायथ्याशी जाते. वर स्वच्छतागृह नाही, तेव्हा तो कार्यक्रम खालीच उरकून घ्या. तिकीट मोठ्यांना २५ रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही.

आता माकडं. बदामीच्या पायऱ्यांवरची माकडं माणसाला भीत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज म्हणजे खाणं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. हातात लोंबणारी पिशवी, रंगीत सरबताची बाटली, मुलाच्या मुठीतलं बिस्कीट यांवर ती झेप घेतात. म्हणून वर चढताना खाण्याची एकही वस्तू बरोबर नको. पाणी पोटाशी अडकवलेल्या पिशवीत, चेन बंद करून. मुलाच्या हातातली वस्तू माकडाने धरलीच तर ओढाताण करू नका, सोडून द्या. चावतात ती ओढाताणीतच. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. घरी गेल्यावर बघू, असं म्हणू नका.

चारही गुहा मिळून साधारण दोनशे पायऱ्या आहेत, टप्प्याटप्प्याने. पायऱ्या उंच आहेत आणि पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत. रबरी तळाची चप्पल-बूट हवेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पहिल्या गुहेपर्यंत यायचंच. तिथवर फार चढ नाही, आणि बदामीतलं सर्वांत प्रसिद्ध शिल्प तिथेच आहे. मग खाली उतरून सावलीत बसलं तरी त्यांची खेप वाया गेली असं वाटणार नाही.

पहिली गुहा शंकराची. आत शिरू नका, आधी बाहेर उजव्या हाताच्या कड्याकडे बघा. अठरा हातांचा नटराज आहे. मुलांना हात मोजायला लावा. एका बाजूचे नऊ मोजून झाले की प्रत्येक हाताची मुद्रा वेगळी आहे, हे त्यांचं त्यांनाच दिसतं. कुठलाही एक डावा आणि एक उजवा हात जोडीला घेतला की नाचाची एक वेगळी मुद्रा होते. नऊ गुणिले नऊ, एक्याऐंशी. पाढे पाठ असलेल्या मुलाला हे फार आवडतं. मग डावीकडे या. द्वारपालाच्या खाली बैल आणि हत्ती असे खोदलेत की दोघांना मिळून एकच डोकं आहे. डावी बाजू हाताने झाकली तर एक जनावर, उजवी झाकली तर दुसरं. बरीच माणसं या शिल्पाला पाठ करून नटराजाचा फोटो काढतात आणि निघून जातात. आत हरिहर आणि अर्धनारीश्वर आहेत. छताकडे टॉर्च मारला की वेटोळं घातलेला नागराज दिसतो.

दुसरी गुहा विष्णूची आणि लहान. पंधरा मिनिटं पुरतात. एका बाजूला वराह, दुसऱ्या बाजूला तीन पावलांत जग मोजणारा त्रिविक्रम. छतावर एक चाक कोरलंय, त्याचे आरे म्हणजे सोळा मासे. त्यासाठी मान वर करावी लागते आणि तेच नेमकं कुणी करत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गुहेच्या मधून वर किल्ल्याकडे एक जिना जातो. तो बंद आहे. मुलं फाटकावर चढू बघतात, तिथे हात धरा.

तिसऱ्या गुहेला सर्वांत जास्त वेळ द्या, निदान पाऊण तास. चारींमध्ये ही सर्वांत मोठी, आणि हिची तारीख पक्की ठाऊक आहे. चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा लेख इथे आहे, शके ५०० ची कार्तिक पौर्णिमा, म्हणजे इसवी सन ५७८. हा शक आपल्या पंचांगावर छापलेला असतो तोच. चालू शकातून पाचशे वजा करायला सांगितलं की मुलांना गुहेचं वय कळतं. ओवरीच्या टोकाला विष्णू शेषावर आहे, पण नेहमीसारखा पहुडलेला नाही, वेटोळ्याचं आसन करून ऐसपैस बसला आहे. नरसिंह उभा आहे, हिरण्यकशिपूवर झेपावलेला नाही. खांब जिथे छताला भिडतात तिथल्या तिरक्या आधारांवर झाडाखाली उभ्या जोड्या कोरल्यात. एकीनं दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकलाय, कुणी लवंडतंय, कुणी सावरतंय. या जोड्या बघताना टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरका धरा. सावली पडली की दागिन्यांची कड आणि वस्त्राची चुणी उठून दिसते. छताच्या पुढच्या कडेला आतल्या बाजूने रंगाचे फिकट पट्टे उरलेत, ती जुनी चित्रं आहेत. तिथे हात लावणं, फ्लॅश मारणं, दोन्ही नको.

जोत्यावर खाली बुटक्या गणांच्या रांगा आहेत. हा मुलांचा भाग. कुणी ढोल बडवतोय, कुणी पोट धरून हसतोय, कुणाचं तोंड जनावराचं. आपल्यासारखा दिसणारा गण शोधायला सांगा, आणि मोठ्यांनी तेवढ्या वेळात खांब बघून घ्यावेत. इथला वालुकाश्म एकरंगी नाही. तांबडा, जांभळट, पांढरा असे थर आडवे जातात. काही खांबांवर ते पट्टे कोरीवकामाच्या आरपार गेलेले दिसतात.

चौथी गुहा जैनांची. पार्श्वनाथ, बाहुबली आणि भिंतीभर लहान-लहान तीर्थंकर. बाहुबलीच्या पायांवर चढलेल्या वेली नीट बघा. या गुहेसमोरून तळं, पलीकडचा किल्ला आणि गाव असं सगळं एका नजरेत येतं. कुटुंबाचा फोटो इथेच काढा. मात्र कठड्यावर कुणाला बसवू नका, पलीकडे सरळ कडा आहे.

सगळं मिळून पावणेदोन ते दोन तास. पावणेनऊला चढलात तर पावणेअकराला खाली.

वाटाड्या घ्यायचा असेल तर तिकिटाच्या खिडकीजवळ ओळखपत्र असलेले मिळतात. किती वेळ, किती गुहा आणि किती पैसे हे चढण्याआधीच ठरवून घ्या.

तळं आणि संग्रहालय

गुहांपासून गावातल्या अरुंद गल्ल्यांतून पलीकडच्या काठावर चालत वीस मिनिटांत जाता येतं. म्हातारी माणसं असतील तर गाडीने जा. गाडी संग्रहालयापर्यंत जाते, फक्त बाजाराच्या वेळी गल्लीत समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यावी लागते. संग्रहालय लहान आहे, पाऊण तासात बघून होतं. लज्जागौरीची मूर्ती चुकवू नका. डोक्याच्या जागी कमळ असलेली ही मातृदेवता फार जुन्या पूजेची खूण आहे, आणि इतकी चांगली मूर्ती क्वचित बघायला मिळते.

तळ्याच्या पायऱ्यांवर बायका धुणं धुताना दिसतील. तो त्यांचा रोजचा घाट आहे, विचारल्याशिवाय फोटो नको. पाण्यात उतरू नका. पाण्याखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पुढे एकदम खोल आहे.

संग्रहालयामागून उत्तर किल्ल्यावर जाणारी वाट दोन उभ्या कड्यांच्या मधल्या घळीतून जाते. वर दोन शिवालयं, बुरूज, धान्याची कोठारं. बदामीचा किल्ला पहिल्या पुलकेशीने इसवी सन ५४३ मध्ये बांधला, त्याचा शिलालेखही याच डोंगरावर आहे. पुढे ६४२ मध्ये पल्लव नरसिंहवर्म्याने हे शहर जिंकलं. खूप नंतर, १७८६ मध्ये, मराठे आणि निजाम यांच्या फौजांनी बदामी टिपूकडून घेतली. दहा वर्षांवरची मुलं आणि धडधाकट माणसंच असतील तर संग्रहालयाऐवजी किल्ला करा. दोन्ही करायला गेलात तर जेवण दोनला होईल.

दुपार: बनशंकरी

पावणेबाराला निघा, पंधरा मिनिटांत बनशंकरीच्या गावी, चोळचगुड्डला पोचता. दर्शन आधी आणि जेवण नंतर. नैवेद्याच्या वेळी गाभारा काही वेळ बंद ठेवला तर पोरं उपाशी आणि मोठी माणसं रांगेत अशी पंचाईत होते, म्हणून साडेबाराच्या आत रांगेत उभं राहा. मोजे घाला. देवी काळ्या पाषाणाची, अष्टभुजा, सिंहावर आरूढ. आताचं देऊळ १७५० मध्ये मराठा सरदार परशुराम आगळे यांनी बांधलं. समोरचं हरिद्रातीर्थ हे दगडी बांधणीचं मोठं तळं आहे, तीन बाजूंनी ओवऱ्या. पाऊस कमी झाला की ते कोरडंही पडतं, तेव्हा पाणी असेलच असं मुलांना कबूल करू नका. ओवऱ्यांची सावली मात्र बारमाही.

जेवण डब्यातलं असलं तरी देवळाबाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून थोडं घ्याच. पापडासारखी पातळ ज्वारीची कडक भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, कारळ्याची आणि शेंगदाण्याची चटणी, मोडाची उसळ, आणि मडक्यातलं दही. चौघांना दोघांपुरतं घेतलं तरी डब्याबरोबर भरपूर होतं. बेळगावकराला सांगायला नको, पण पुणे-मुंबईच्या पाहुण्यांसाठी: ‘रोट्टी’ म्हणजे भाकरी, ‘मोसरु’ म्हणजे दही, ‘एष्टु’ म्हणजे कितीला, ‘साकु’ म्हणजे पुरे. साकु वेळेवर म्हणता आलं पाहिजे, कारण या बायका वाढताना हात आखडत नाहीत. मुलांना आधी चटणीशिवाय द्या.

जेवणानंतर ओवरीत तासभर आडवं व्हा. चटई गाडीत असू द्या. हा तास वाया गेला असं समजून कुणी महाकूट गाठायला निघतं. तिथलं झऱ्याचं कुंड खरोखर सुंदर आहे, पण मग भूतनाथाला घाईघाईने जावं लागतं, आणि ड्रायव्हरला विश्रांती मिळत नाही ती नाहीच. गाडी चालवणाऱ्याने इथे अर्धा तास तरी झोपायलाच हवं.

संध्याकाळ: भूतनाथ

तीनला परत बदामीत, गाडी संग्रहालयाजवळ. तिथून काठाकाठाने दहा मिनिटं सपाट वाट आहे, आजी-आजोबाही येऊ शकतात. भूतनाथाचं देऊळ तळ्याच्या पूर्वेच्या टोकाला, पश्चिमेकडे तोंड करून. म्हणून ते संध्याकाळचंच. सकाळी आलात तर देऊळ सावलीत आणि सूर्य मागे. चारनंतर ऊन समोरून येतं, दगड तांबडा होतो आणि पाणी हलत नसेल तर मंडपाचे खांब पाण्यात उलटे दिसतात. आतला गाभारा जुन्या चालुक्यांचा, पाण्याकडचा मंडप नंतरचा.

देवळामागच्या खडकांत विष्णू आणि इतर मूर्ती कोरल्यात. जवळच्याच कड्यावर कप्पे अरभट्ट नावाच्या वीराचा लेख आहे, सातव्या शतकाच्या आसपासचा. कन्नड कवितेचा हा फार जुना नमुना. मुलं शाळेत कन्नड शिकत असतील तर त्यांना आवर्जून दाखवा. त्यांना अक्षरं ओळखू येणार नाहीत, पण त्या लिपीपासून आपली पाटीवरची अक्षरं कशी झाली, हे विचारायला तिथे सुरुवात होते.

डबा इथे उघडू नका, माकडं याही काठावर आहेत.

परतीची वेळ

पावणेपाचला उठा, पाचला गाडी सुरू. थंडीत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि तोवर रामदुर्ग जवळ आलेलं असावं. कारण एकच: ऊस. नोव्हेंबर ते मार्च या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे चाललेले असतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हात-दीड हात आलेला, मागे दिवा नाही, कधी रिफ्लेक्टरही नाही. समोरच्या गाडीच्या उजेडात डोळे दिपले की पुढची ट्रॉली दिसतच नाही. अंधार पडला तर वेग पन्नासच्या वर नेऊ नका, आणि ओव्हरटेक करण्याआधी पुढे एक ट्रॉली आहे की दोन, हे खात्री करून घ्या. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी करून मागे दगड मांडलेले असतात. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात.

यरगट्टीत पुन्हा एकदा थांबा, चालवणाऱ्याने तोंड धुऊन चहा घ्यावा. तिथून बेळगावला दीड तास लागतो. रात्रीचं जेवण बाहेर शोधत बसू नका. सकाळी निघतानाच कुकरमध्ये डाळ-तांदूळ धुऊन भिजवायला ठेवू नयेत, दिवसभरात ते आंबतात. कोरडेच मोजून डब्यात ठेवा, घरी आल्यावर वीस मिनिटांत खिचडी होते.

मुक्कामाची सोय होत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टदकल आणि नंतर ऐहोळे करा. पट्टदकलची देवळं मलप्रभेच्या काठावर आहेत, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत. ऐहोळ्याच्या टेकडीवर मेगुती देऊळ आहे. तिथल्या इसवी सन ६३४ च्या शिलालेखात कवी रविकीर्तीने दुसऱ्या पुलकेशीला नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांचा स्वामी म्हटलं आहे. टेकडीवर सावली नाही, दहाच्या आत चढून उतरा.